येरळेची वाळू आणि आकाशातली नोंदवही

सांगलीत पावसाळ्यात 'पाणी किती?' असे विचारले, की उत्तर फुटांत येते. आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट झाले की इशारा, पंचेचाळीसला धोका. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळचे आकडे शहरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २००५ आणि २०१९ या वर्षांचे महापूर लोक फुटांनीच ओळखतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. वर साताऱ्याकडे गेले की मोजमाप बदलते. कोयनेच्या शिवसागरात किती टीएमसी भरले, हे पाटणपासून कराडपर्यंत चहाच्या टपरीवर बोलले जाते. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा, प्रत्येक धरणाचा टक्का रोजच्या वर्तमानपत्रात येतो.

पण 'पाणी कसे आहे?' असे विचारले तर आकडा येत नाही. गढूळ आहे, हिरवट झाले आहे, वास येतोय, मासे मेलेत, अशी उत्तरे येतात. ती खरीच असतात, पण त्यांची नोंद कुठल्या वहीत रोज चढत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणी, ठरावीक दिवशी नमुने घेते. मधले दिवस आणि मधली गावे कोरीच राहतात. या दोन जिल्ह्यांत पाणी मोजण्याची परंपरा दीडशे वर्षांची आहे. पाण्याची प्रत मोजण्याची परंपरा मात्र अजून रुजायची आहे. असे का झाले, याचा इतिहास येरळा नदीच्या काठाने जितका स्पष्ट दिसतो, तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल.

सुरुवात इंग्रजांच्या कालव्यांपासून करावी लागते. कराडच्या वर खोडशीला कृष्णेवर बंधारा घालून १८६० च्या दशकात कालवा काढला गेला. त्याचे पाणी वाळव्याकडून आजच्या पलूस-तासगावच्या बाजूला आले. त्याच काळात आणि पुढच्या दोन दशकांत माणदेश-खटावच्या कोरड्या पट्ट्यात मायणी, नेर, म्हसवड ही तळी उभी राहिली. १८७६-७८ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि माती वाहायला आलेल्या माणसांच्या घामाचा त्यात मोठा वाटा होता. म्हसवडच्या तलावाला आज राजेवाडीचा तलाव म्हणून जास्त लोक ओळखतात. १८८५ साली सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले, त्यात या कामांची वर्णने आहेत. भिंतीची लांबी, उंची, साठा, भिजू शकणारे एकर, झालेला खर्च, अपेक्षित पाणीपट्टी, हे सगळे नीट मांडलेले आहे. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा याच हिशेबी दृष्टीतून आला. सरकार पाणी एकरावर विकत होते, आणि विकणाऱ्याला माप लागते. गढूळपणाची आठवण या कागदपत्रांत गाळाच्या रूपाने येते, तीही गाळाने साठा किती घटेल एवढ्यापुरती.

त्या अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाण्यात कारखान्याची मळी नव्हती, शहरांची गटारे लहान होती. पण वहीचे रकाने एकदा आखले गेले की पुढच्या पिढ्या तेच रकाने भरत राहतात. स्वातंत्र्यानंतर धरणे मोठी झाली, एकराच्या जोडीला मेगावॅट आले, फूट आणि टीएमसी आले. रकाने तेच राहिले.

येरळा ही नदी या वहीच्या समासात राहणारी. ती सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून येत नाही. खटाव तालुक्यातल्या डोंगरांत ती उगम पावते, नेरच्या तलावातून वडूजकडे येते, येरळवाडीच्या धरणात अडते, मग सांगली जिल्ह्यात खानापूर-कडेगावच्या हद्दींवरून खाली उतरत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. पावसाळ्यात चार पूर येऊन गेले की वर्षातले बरेच महिने पात्र कोरडे दिसते. मात्र ते कोरडे नसते. पाणी वाळूत असते.

या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना हे सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात नदीत झरा उकरायचा, हातभर वाळू बाजूला सारायची आणि वाट पाहायची. पहिले पाणी गढूळ येते, ते वाटीने उपसून टाकायचे. थोड्या वेळाने तळाशी निवळ पाणी साचू लागते, तेच हंड्यात भरायचे. वाळूच पाणी साठवते आणि वाळूच ते गाळते. काठावरच्या विहिरींचे झरेही याच वाळूशी जोडलेले. नदीच्या वाळूत ओल टिकली तर विहिरीला उन्हाळ्यात परस-दीड परस पाणी असायचे.

हिशेब मांडून पाहिला तर वाळूची किंमत वेगळीच दिसते. वाळू विकली जाते ब्रासने. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २८३० लिटर आकारमान. नदीतल्या जाड्याभरड्या वाळूच्या कणांमधल्या पोकळीतून निघू शकणारे पाणी एकूण आकारमानाच्या पाव भाग धरले, तर एका ब्रासमागे सातशे लिटर पाणी साठवण्याची जागा होते. शंभर मीटर रुंद पात्रात दोन मीटर थर असेल, तर एका किलोमीटरमध्ये दोन लाख घनमीटर वाळू, म्हणजे सुमारे ७० हजार ब्रास. तेवढी वाळू उचलली की पाच कोटी लिटर पाण्याचे भांडे कायमचे नाहीसे होते. पुढच्या पावसाळ्यात पूर येतो, पण त्याला थांबायला जागा उरत नाही. तो खडकावरून निघून जातो.

महसूल खात्याच्या नोंदीत मात्र वाळू ही गौण खनिज. लिलाव, ठेका, ब्रास, स्वामित्वधन. इथेही रकाने होते आणि इथेही ते परिमाणाचेच होते. गेलेल्या वाळूबरोबर किती पाणी गेले, हे विचारणारा रकाना कोणत्याही खात्याकडे नव्हता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबई-पुण्यापासून कराड-सांगलीपर्यंत सिमेंटची बांधकामे वाढली, रस्ते सुधारले, ट्रक गावाच्या घाटापर्यंत येऊ लागले. येरळेची वाळू चांगली, धुतलेली, बांधकामाला पसंतीची. ठेकेदार आले. पात्रात खड्डे पडले, खड्ड्यांतून खडक दिसू लागला, आणि काठावरच्या विहिरी आटू लागल्या.

खनिज उत्खननाने पाण्याचे नुकसान झाले म्हटले की डोळ्यांसमोर झारखंडचा कोळसा किंवा गोव्याचे लाल डोंगर येतात. सातारा-सांगलीत तशी मोठी खाण नाही. कोयना आणि चांदोलीच्या जलाशयांचा वरचा पाणलोट १९८५ पासून अभयारण्यात आहे, पुढे तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेला. बॉक्साइटच्या खाणी शेजारच्या कोल्हापुरात. म्हणून इथे खाणकामाचा प्रश्न नाही असे अनेकांना वाटते. पण नदीच्या पात्रात चालते तेही खाणकामच. फरक इतकाच, की या खाणीला दरवाजा नाही, पाटी नाही, आणि ती रात्री चालते.

येरळाकाठी हे ओळखणारे लोक अनपेक्षित वाटेने आले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या तालुक्यांतली कितीतरी घरे गिरणीच्या पगारावर उभी होती, कारण शेतीत पोट भरत नव्हते. संप लांबला, माणसे गावी परतली, आणि गावात दुष्काळ होता. रोजगार हमीच्या कामावर दगड फोडता फोडता या मंडळींनी विचारायला सुरुवात केली, की आपण दरवर्षी खडीच का फोडतो? दुष्काळ हटेल असे काम का निघत नाही? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिचे प्रमुख कार्यकर्ते. नाना पाटलांच्या प्रतिसरकारात वाढलेल्या घरातला हा माणूस, आई इंदुताई आणि वडील बाबूजी दोघेही त्या लढ्यातले. त्यांच्या पत्नी, समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट, यांनी कासेगावात राहून या चळवळीविषयी सविस्तर लिहिले.

या चळवळीची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिने घोषणांच्या आधी चौकशी केली. पाऊस खरोखर कमी झाला आहे का? पीकपद्धत कशी बदलली? नदी पूर्वी किती महिने वाहायची? विहिरी कधीपासून आटल्या? गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचे, जुन्या नोंदी पाहायच्या, अभियंते आणि विद्यार्थी यांना गावात आणायचे. या शोधात बोट पुन्हा पुन्हा वाळूवर येऊन थांबले. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी मग एक विलक्षण मागणी पुढे केली. ठेकेदारांचा उपसा थांबवा. मर्यादित वाळू काढण्याचा हक्क गावाला द्या. तिच्या विक्रीतून येणाऱ्या पैशात आम्ही येरळेवर आमचा बंधारा बांधू.

ज्येष्ठ अभियंते के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली. लोकांनी श्रमदान केले, देणग्या उभ्या केल्या. सरकारला मात्र हे पचायला वेळ लागला. नदी सरकारची, वाळू सरकारची, लिलावाचा महसूल सरकारचा. गावाने वाळू विकून धरण बांधायचे हे कोणत्या नियमात बसवायचे? मोर्चे झाले, धरणी झाली, वर्षे गेली. ऐंशीचे दशक संपता संपता बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. फुल्यांनी शेतकऱ्यांच्या मनात पुन्हा जागवलेल्या बळीचे नाव त्याला दिले गेले. पाण्याच्या वाटपाचे तत्त्वही तितकेच नवे होते. पाण्यात वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हता. भूमिहीनांनाही त्यात हक्क होता. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जे सुरू केले होते, ते इथे नदीवरच्या बंधाऱ्यापर्यंत आले. पुढे नव्वदच्या दशकात आटपाडीच्या पाणी परिषदांमधून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि पाटणकर यांनी १३ दुष्काळी तालुक्यांसाठी समन्यायी वाटपाची जी मागणी लावून धरली, तिची मुळे इथपर्यंत येतात.

बलवडीच्या लोकांनी जे केले त्याला आजच्या भाषेत पर्यावरण लेखापरीक्षण म्हणता येईल. वाळूच्या ब्रासमागे किती पाणी गेले, हा रकाना त्यांनी स्वतः आखला. त्यांच्याकडे साधन होते विहीर आणि आठवण.

आता थोडे वर पाहायला हवे, कारण याच वर्षांत येरळेवरून आणखी कोणीतरी नियमित जात होते. १ मार्च १९८४ रोजी अमेरिकेचा लँडसॅट ५ हा उपग्रह सोडला गेला. तो दर सोळा दिवसांनी सकाळच्या उन्हात त्याच जागेवरून जायचा आणि जमिनीचा तीस-तीस मीटरचा एकेक चौकोन टिपायचा. हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रात अशा उपग्रहांचे संदेश उतरवून घेतले जात. १७ मार्च १९८८ रोजी, म्हणजे बळीराजा धरणाचा झगडा चालू असताना, भारताचा पहिला कार्यक्षम दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए बैकानूरहून झेपावला. त्याचा बारीक कॅमेरा सुमारे ३६ मीटरचा चौकोन पाहू शकत होता. नदीकाठी लोक सरकारला पटवत होते की पात्र खचले आहे, आणि त्याच पात्राच्या प्रतिमा सरकारच्याच यंत्रणेत साठत होत्या. या दोन गोष्टी तेव्हा एकमेकींना भेटल्या नाहीत. प्रतिमा महाग होत्या, संगणक मोठ्या संस्थांतच होते, आणि तीस मीटरच्या चौकोनात येरळेचे पात्र जेमतेम तीन-चार ठिपक्यांचे.

उपग्रह पाण्याची प्रत कशी ओळखतो, हे समजायला १८६५ सालात जावे लागते. इटलीतले पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली. ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याच्या निवळपणाचे माप. आजही जगभर तळ्यांवर सेक्कीची तबकडी वापरली जाते. उपग्रहाचे तत्त्व फार वेगळे नाही: पाण्यात शिरलेला उजेड किती आणि कोणत्या रंगाचा परत येतो, एवढेच तो मोजतो. निवळ आणि खोल पाणी लाल व अवरक्त उजेड गिळून टाकते, म्हणून कोयनेचा जलाशय प्रतिमेत काळसर निळा दिसतो. मातीचे कण तरंगत असतील तर लाल उजेड परततो. गढूळपणा वाढेल तसा तो वाढत जातो. शेवाळातले हरितद्रव्य लाल उजेड शोषते आणि त्याच्या पलीकडच्या, सुमारे ७०५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात उजेड फेकते. पुण्याचे सांडपाणी पोटात घेणारे उजनी म्हणूनच हिरवे उमटते. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये. त्यांना हा ७०५ चा पट्टा दिसतो, दहा ते वीस मीटरचा तपशील दिसतो, आणि मालिकेतले दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक फेरी होते. प्रतिमा फुकट. लँडसॅटचा जुना साठाही २००८ पासून सगळ्यांना मोफत खुला आहे.

महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याने उपग्रहाचा उपयोग केला नाही असे नाही. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, जलाशयांत साठलेल्या गाळाचा अंदाज उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी उतरत जाते, प्रत्येक पातळीला पाण्याचा फुगवटा किती हे प्रतिमेवरून मोजायचे, आणि मूळ आकड्यांशी ताडून साठा किती घटला ते सांगायचे. पद्धत चोख आहे आणि उपयोगाचीही. पण प्रश्न तोच जुना, गॅझेटियरमधला: साठा किती उरला? त्याच प्रतिमेत पाण्याचा रंगही असतो, आणि तो बहुतेक वेळा न वाचताच राहतो.

रंग वाचला तर काय हाती लागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण चीनमधले आहे, आणि तेही वाळूचेच. यांग्त्से नदीतला वाळूउपसा २००० साली बंद केला गेला. उपसा करणारी जहाजे मग पोयांग सरोवरात शिरली. शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या जुन्या-नव्या प्रतिमा शेजारी ठेवल्या तेव्हा सरोवराच्या उत्तर भागाचे पाणी त्या वर्षांनंतर गढूळ होत गेलेले दिसले. पुढे त्यांनी प्रतिमांत सरोवराच्या तोंडाशी ये-जा करणारी जहाजेही मोजली आणि वर्षाला सुमारे २३.६ कोटी घनमीटर वाळू बाहेर जात असल्याचा अंदाज २०१० साली प्रसिद्ध केला. कोणत्याही परवान्याच्या वहीत न दिसणारा आकडा असा पाण्याच्या रंगातून आणि जहाजांच्या ठिपक्यांतून बाहेर आला.

ब्राझीलमध्ये तर गाळाचा बांधच फुटला. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना इथल्या लोहखनिजाच्या खाणीचा, आणि २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्योचा. दुसऱ्या दुर्घटनेत २७० माणसे गेली. पहिल्या वेळी दोसे नदीतून समुद्रापर्यंत गेलेला तपकिरी लोट आणि दुसऱ्या वेळी पाराओपेबा नदीतून खालच्या जलाशयाकडे सरकणारा गढूळपणा संशोधकांनी उपग्रहावरून टप्प्याटप्प्याने पाहिला. मराठी मुलुखाच्या शेजारी गोव्यात अशी फुटाफूट झाली नाही, पण सांगे तालुक्यात सेळावली धरणाच्या परिसरातच लोह-मँगनीजच्या खाणी चालल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते पुन्हा मोकळे झाले, फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने परवाने रद्द झाले. खाण चालू, खाण बंद, पुन्हा चालू: पाण्यावर काय फरक पडतो ते पाहायला इतकी स्पष्ट तारखांची मालिका क्वचित मिळते. दक्षिण गोव्याच्या नळांना पाणी पुरवणाऱ्या जलाशयाचा असा अभ्यास तिथल्या प्रत्येक घराच्या कामाचा आहे.

मात्र उपग्रहाच्या मर्यादा दडवून चालणार नाही, कारण त्या नेमक्या आपल्याच अडचणीच्या जागी येतात. विरघळलेले मँगनीज, आर्सेनिक, नायट्रेट यांना रंग नाही. ते उपग्रहाला दिसत नाहीत. सर्वांत जास्त गढूळपणा जून ते सप्टेंबरात, आणि नेमके तेव्हाच ढग. ढगातून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत. पूर्वी आपला रिसॅट-१ होता; आज युरोपचा सेंटिनेल-१ आणि जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठी पाणी कुठवर पसरले, ते अशा रडार प्रतिमांनीच दाखवले. पण रडारला पाण्याचा पसारा कळतो, रंग कळत नाही. उथळ तळ्यात तळाची माती वर झळकते आणि पाणी आहे त्यापेक्षा गढूळ वाटते. काठावरच्या ठिपक्यात अर्धे पाणी, अर्धे गवत. म्हणून पाण्यात उतरून घेतलेल्या नमुन्याशी जोडल्याशिवाय प्रतिमेतला आकडा विश्वासाने सांगता येत नाही.

आता पुन्हा येरळेकडे. गेल्या चाळीस वर्षांत वाळूवरचे कायदे पुष्कळ बदलले. दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितले, की पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या गौण खनिजांनाही पर्यावरण परवानगी लागेल. केंद्राने २०१६ आणि २०२० साली वाळूसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने उपग्रहावर चालणारी खाण देखरेख यंत्रणा सुरू केली. खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर पाचशे मीटरपर्यंत जमीन खणली गेली तर ती इशारा देते. पण ती मुख्य खनिजांसाठी उभी राहिली. वाळू गौण, म्हणून राज्यांच्या वाट्याला. आणि या यंत्रणेतही पाहायचे ते जमिनीवरचे खड्डे. खड्ड्याखालच्या नदीचे, त्याखालच्या बंधाऱ्याचे पाणी कसे झाले, हा प्रश्न पुन्हा रकान्याबाहेर.

दरम्यान नदीही पूर्वीची राहिलेली नाही. कृष्णेचे पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी दुष्काळी तालुक्यांत चढले. जिहे-कठापूर योजनेने ते नेरच्या तलावात आणून सोडले. दीडशे वर्षांपूर्वी दुष्काळी खटावच्या पावसावर भरायला बांधलेले तळे आता वाईवरून वाहत आलेल्या कृष्णेनेही भरते. पाणी आले हे फार मोठे झाले. ज्यांनी बायकांना मैलोन्मैल हंडे वाहताना पाहिले आहे, ते या पाण्याला नावे ठेवणार नाहीत. पण त्या पाण्याबरोबर वरच्या शहरांचे सांडपाणी आणि खतांचा अंशही येऊ शकतो, आणि तो उथळ, संथ, उन्हात तापणाऱ्या तळ्यात शेवाळ वाढवतो. खाली सांगलीत शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न कितीतरी वर्षे चर्चेत आहे, मेलेल्या माशांचे फोटो दर एक-दोन वर्षांनी छापून येतात. येरळवाडीच्या पाण्यावर आणि मायणीला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर जगतात, म्हणजे पाण्यातला बदल त्यांना आपल्या आधी कळतो.

नेर, येरळवाडी, मायणी, राजेवाडी ही तळी सेंटिनेलच्या दहा मीटरच्या नजरेला पुरेशी मोठी आहेत. दर पाच दिवसांच्या प्रतिमांवरून त्यांचा गढूळपणा आणि हिरवेपणा काढणे आज एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला साध्या संगणकावर जमण्यासारखे आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यात अशी महाविद्यालये वडूज, विटा, तासगाव, कराड सगळीकडे आहेत. जोडीला तळ्याकाठच्या शाळेने एक पांढरी तबकडी आणि खुणा केलेली दोरी घेऊन ठरलेल्या दिवशी होडीतून एकदा माप घ्यावे. उपग्रह येतो तो दिवस आधीच माहीत असतो.

आणि मागच्या वर्षांचे काय? तेही वाचता येते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सत्तरच्या दशकापासून निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. लँडसॅटचा साठा १९८४ पासून आहे. दर वर्षीच्या मे महिन्यातली, ढग नसलेली एक प्रतिमा घ्यायची आणि येरळवाडीपासून ब्रह्मनाळपर्यंत पात्रात ओल कुठे दिसते, खडक कुठे उघडा पडला, बंधाऱ्यांमागे पाणी कोणत्या रंगाचे आहे ते आखायचे. शेजारी त्याच मे महिन्याच्या विहिरींचे आकडे ठेवायचे, आणि महसूल खात्याकडचे त्या वर्षांचे वाळूलिलाव. तिन्ही वह्या सरकारी आहेत आणि तिन्ही जपलेल्या आहेत. त्या एकत्र मांडल्या, की १९८५ च्या सुमारास येरळाकाठच्या लोकांनी जे तोंडी सांगितले ते ठिकाण आणि वर्ष देऊन पडताळता येईल.

प्रतिमेतला ठिपका तीस मीटरचा. त्यातला खड्डा ठेक्याचा की पुराने पडलेला, हे प्रतिमा सांगत नाही. ते सांगू शकतात बलवडी-तांदुळवाडीची माणसे, ज्यांनी संपातून परतल्यावर पात्रात बसून ट्रक अडवले आणि नंतर स्वतःच्या हातांनी बंधाऱ्याचे दगड लावले. कोणत्या वळणावर कोणत्या वर्षी उपसा झाला, कुणाच्या मळ्याची विहीर आधी आटली, हे त्यांना नावानिशी ठाऊक आहे. त्या वेळी जे पंचविशी-तिशीत होते, ते आज साठी-सत्तरीत आहेत. नकाशा घेऊन त्यांच्यासमोर बसायचे काम पहिले करायला हवे. प्रतिमा थांबू शकतात.